नाल्यापलीकडचे नगरसेवक

आमच्या घरी महापालिकेच्या महासभेची विषयपत्रिका येते असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. माझे वडील ऐंशी ओलांडलेले, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले. कुठल्या पक्षाचा झेंडा त्यांनी कधी हातात धरला नाही. मी कल्याणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्यासारख्यांचा महापालिकेशी संबंध पाणी आणि कचरा एवढ्यापुरता असतो, आणि आमचाही तेवढाच होता. पण आमच्या घरामागचा पूल गेला आणि विषयपत्रिका हे आमच्या घरातलं धार्मिक वाचन होऊन बसलं.

वर्तकनगरच्या पुढे, जुन्या वसाहतींच्या मागून एक नाला वाहतो. त्यावर लोखंडी पादचारी पूल होता. दोन माणसं समोरासमोर आली की एकाने अंग चोरायचं, एवढीच त्याची रुंदी. पूल ओलांडला की पलीकडच्या वसाहतीचं फाटक, फाटकाला लागून पहिली इमारत, आणि तिच्या पहिल्या मजल्यावर काका राहायचे. काका म्हणजे बाबांचे मित्र. दोघं एकाच वर्षी एकाच कारखान्यात लागलेले. पुढे काका कामगारांच्या भानगडीत पडले, तिथून निवडणुकीत पडले, आणि एकदा, आयुष्यात एकदाच, नगरसेवक झाले. हा पूल त्यांनीच त्या एका खेपेत मंजूर करून घेतला होता. पुढच्या वेळी ते हरले ते हरलेच. पण बाबा त्यांना जन्मभर नगरसेवकच म्हणत राहिले, आणि ते बाबांना मतदार.

"काय नगरसेवक, झाली का झोप?"

"या मतदार, या. तक्रार असेल तर चहा झाल्यावर सांगा."

रोज संध्याकाळी पाच वाजता हे दोन संवाद व्हायचे. त्यात काही बदल झालेला मी कधी ऐकला नाही. आई गेली त्या वर्षी बाबा घरात कोणाशी धड बोलत नव्हते, माझ्याशीही नाही. पण पाचला चपला घालायचे. त्या पाचच्या चहाने त्यांना उभं ठेवलं, मी नाही. हे मान्य करताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे.

नंतर काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं संथ झालं, डोकं मात्र शाबूत. आता ते फाटकापर्यंतही येऊ शकत नव्हते, म्हणून बाबा पाचचे साडेचारला जायला लागले. आणि त्याच सुमारास पुलावर माणसं आली, हातोडीने ठोकून बघून गेली. गंजाचे पापुद्रे पडले. 'धोकादायक' असा फलक लागला आणि आठवड्याभरात पूल नाहीसा झाला. आमच्याकडे काढायचं काम कधी रखडत नाही.

तेव्हा महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मुदत संपलेली, निवडणूक नाही, आणि कारभार प्रशासकांकडे. विषय मांडणारे तेच, ऐकणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. मी तीन अर्ज दिले. तिन्हींची पोच मिळाली. पोच देण्यात कोणी कसूर केली नाही.

नाला फार रुंद नाही. पंचवीस-तीस पावलं. पण पूल नसला की पलीकडे जायला आधी मुख्य रस्त्याला लागायचं, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांना वळसा घालायचा, मोठा चौक ओलांडायचा आणि दुसऱ्या बाजूने तेवढंच परत यायचं. बाबांचे गुडघे कामातून गेलेले. एवढ्या जवळ रिक्षावाले येत नाहीत, आणि आले तरी माजिवड्याकडून तुंबत आलेल्या गाड्यांत तासभर बसावं लागतं. सुरुवातीला मी त्यांना दर रविवारी न्यायचे. रिक्षात चढताना आणि उतरताना ते दात आवळून धरायचे आणि काही दुखत नाही म्हणायचे. मग दर रविवारचं एका आड एक रविवार झालं. कधी पेपर तपासायचे असायचे, कधी घोडबंदरला मावसबहिणीकडे जायचं असायचं, आणि कधी काहीच नसायचं, नुसता कंटाळा असायचा. ते रविवार मला आता तोंडपाठ आहेत.

मग दोघांनी आपापली सोय केली. पाच वाजता बाबा नाल्याच्या काठाशी जाऊन उभे राहायचे, काकांचा पलंग काकूंनी खिडकीशी सरकवलेला. दोघांच्या कानाला फोन. एकमेकांना दिसायचे पण ऐकू यायचे नाहीत.

"हात वर कर बघू. तूच ना तो निळ्या शर्टातला?"

"मीच. तू आज दाढी केलेली नाहीस."

"इतक्या लांबून दिसते?"

"दिसत नाही. ओळखतो."

काकू खिडकीत कप दाखवायच्या, आणि बाबा थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा. लोकांना ते फार गोड वाटायचं. कोणीतरी व्हिडिओसुद्धा काढला. मला तो बघून संताप यायचा. पंचवीस पावलांसाठी दोन म्हातारी माणसं फोनवर बोलतात, यात गोड काय आहे?

शेवटी निवडणूक लागली. प्रचाराला आलेल्या मुलीला, ती माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती, बाबांनी दारात उभं करून एकच विचारलं: पूल करणार का? ती हो म्हणाली. ती निवडून आली आणि आश्चर्य म्हणजे तिला ते आठवत होतं. तिने पुलाचा प्रस्ताव महासभेपुढे आणला आणि विषयपत्रिका माझ्या फोनवर पाठवली. बाबांना फोनवरचं पटेना, म्हणून मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. त्यांनी लाल पेनाने खूण केली आणि काठावर उभं राहून ती काकांना वाचून दाखवली. विषय क्रमांक चौदा.

"चौदा म्हणजे जेवणानंतर," काका म्हणाले. "जेवणानंतर सभागृहात माणसं किती उरतात ते बघावं लागतं. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त, मग भांडण, मग विषय. चौदापर्यंत गाडी पोचत नाही."

पोचली नाही. सभा तेरावर थांबली. पुढच्या महिन्याच्या सभेत पाण्यावरून गदारोळ झाला, सदस्य खुर्च्या सोडून पुढे गेले आणि सभा तहकूब झाली. बाबा हे सगळं काकांना सांगायचे आणि काका खूश व्हायचे, जुन्या शाळेची खबरबात कळावी तसे. आपल्या काळच्या युक्त्या सांगायचे. नको असलेला विषय पुढे आला की आम्ही वर्तमानपत्र उघडायचो, म्हणायचे, कोण गेलं ते बघायला. कुणीतरी उठून दुखवट्याचा ठराव मांडायचा, त्याच्या सन्मानार्थ सभा तहकूब करावी अशी सूचना करायची. दुखवट्याला विरोध करायला कोण उठणार? बाबा काठावर हसून हसून वाकले. फोन स्पीकरवर होता, मीही हसले.

तिसऱ्या सभेला विषय वर सरकून तीन नंबरवर आला.

"तीन म्हणजे झालाच," काका म्हणाले. "मतदार, आता चपला शिवून ठेवा." मग म्हणाले, "एक सांगतो. हिला एकटीने चहा घ्यायची सवय नाही. मी असलो-नसलो तरी पूल झाल्यावर पाचला येत जा."

"येतो. पण तू असशीलच."

सभा गुरुवारी होती. काका सोमवारी सकाळी गेले.

काकूंचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. त्यांचा मुलगा परदेशात, त्याला लगेच येता येणार नव्हतं, म्हणून दहा वाजता न्यायचं ठरलं होतं. मी बाबांना कसंबसं रिक्षात बसवलं. मुख्य रस्त्यावर पाइपासाठी खणलेलं, एकच बाजू चालू. पाऊण तासात आम्ही चौकातसुद्धा पोचलो नाही. बाबा सारखे घड्याळ बघत होते. साडेनऊला म्हणाले, "मागे फिरव. काठावर जाऊ."

आम्ही काठावर आलो. पलीकडे फाटकाशी पंधरा-वीस माणसं, शववाहिनी मागचं दार उघडून उभी. काकांना खाली आणलं. मधे पाणी, कचऱ्याने अडलेलं, आणि पुलाचे दोन बाजूंचे सिमेंटचे खांब तसेच. बाबांनी चपला काढल्या. हात जोडून उभे राहिले. पलीकडून कोणीतरी आम्हाला बघितलं आणि काकूंना सांगितलं, तेव्हा काकूंनी उचलणाऱ्यांना थोडं थांबवलं आणि काकांचं तोंड आमच्या बाजूला करायला सांगितलं. मला तिथून चेहरा दिसला नाही. बाबांना दिसला का, ते मी अजून विचारलेलं नाही.

दुपारी बाबा जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "तो नगरसेवक होता. गुरुवारी सभेत त्याचं नाव घेतलं गेलं पाहिजे. दोन मिनिटं उभं राहिलं पाहिजे सगळ्यांनी. त्याचं कोणी सांगणारं नाही तिथे. आपणच कळवायला हवं."

त्यांनी स्वतः पत्र लिहिलं. मी टाइप करते म्हटलं तर नको म्हणाले. दोन दिवस लिहीत होते, फुलस्केपची चार पानं. काका कामगारांसाठी कसे भांडले, पाणी नव्हतं तेव्हा टँकरबरोबर स्वतः कसे फिरले, एका सभेत उठून त्यांनी हा पूल कसा मागितला, आणि अखेरीस तो पूल नाही म्हणून त्यांचा मित्र त्यांच्या पायावर डोकं ठेवू शकला नाही. मी ते वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतकं चांगलं मराठी बाबा लिहितात हे मला माहीत नव्हतं.

बुधवारी मी रजा टाकून सचिवांच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी पत्र घेतलं, चाळलं, आणि त्यांचा आवाज मऊ झाला.

"बरं झालं आणून दिलंत. नाहीतर राहून गेलं असतं बघा."

मला काकांची युक्ती आठवली. मी विचारलं, "यामुळे सभा तहकूब तर होणार नाही ना?"

"छे हो. माजी सदस्य ना? मग नुसती श्रद्धांजली. दोन मिनिटं उभं राहायचं की कामकाज सुरू." एवढ्यावर माझं समाधान झालं. मीच वर म्हटलं, "एक प्रत आमच्या नगरसेविकेलाही देते." आणि दिली. ती मी दिली नसती तर चाललं असतं. कोणी मागितली नव्हती.

गुरुवारी बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. प्रेक्षक गॅलरीच्या पायऱ्या मी त्यांना एकेक करून चढवल्या. सभा सुरू झाली. काकांचं नाव वाचलं, सगळे उभे राहिले. बाबा कठडा धरून उभे. खाली शंभरावर माणसं मान खाली घालून स्तब्ध, पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. दोन मिनिटं झाली, खुर्च्या सरकल्या. बाबा बसले आणि माझा हात दाबून म्हणाले, "मिळालं त्याला." किती दिवसांनी त्यांचा चेहरा निवलेला मी बघत होते.

तेवढ्यात आमची नगरसेविका उठली. हातात फुलस्केपची चार पानं. तिने बाबांचं पत्र वाचायला घेतलं. छान वाचलं तिने, घाई न करता. टँकरपाशी सभागृह शांत झालं होतं, आणि शेवटचं वाक्य तिला दोनदा सुरू करावं लागलं. ते नाटक नव्हतं. मग ती म्हणाली, अशा माणसाला नुसती दोन मिनिटं देणं हा त्याचा अपमान होईल, आजची सभा त्यांच्या सन्मानार्थ तहकूब करावी अशी मी सूचना मांडते. समोरच्या बाजूचे एक सदस्य लगेच उठले आणि आमच्या पक्षाचंही या सूचनेला अनुमोदन आहे म्हणाले. दुःखात कोणीच मागे राहायला तयार नव्हतं. एकमताने मंजूर. दहा-बारा मिनिटांत सभागृह रिकामं झालं.

बाबा बसूनच होते. "विषय तीन?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "पुढच्या सभेत."

त्यांनी खाली रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "पत्र जरा जास्तच चांगलं झालं, नाही?"

संध्याकाळी ती मुलगी घरी आली. मी तिला फाडून खाणार होते, वाक्यंसुद्धा तयार होती. पण ती आत येऊन बाबांच्या पाया पडली आणि खुर्चीच्या कडेला बसली.

"ताई, मला कळतंय हो. मलाही पूल हवाच होता, मीच आणलेला ना विषय. पण तुमच्या बाबांचं पत्र ऐकल्यावर कोणीतरी तहकुबी मागणारच होतं. मी बसून राहिले असते तर लोक म्हणाले असते, हिच्या प्रभागातला माणूस गेला आणि हिला पुलाची पडलीय. मी नवीन आहे. मी काय करू शकत होते, तुम्ही सांगा."

तिची चूक नव्हती, त्या कार्यालयातल्या बाईंची नव्हती, समोरच्या बाकावरच्या सदस्यांची तरी काय होती? प्रत्येकाने काकांचा मानच राखला. काका असते तर म्हणाले असते, मस्त चाल होती, पोरगी शिकतेय. मी तिला चहा दिला.

पाचचा चहा चालू आहे. काकू खिडकीत कप घेऊन बसतात, बाबा काठावर. फोन लावत नाहीत. काकूंना फोनवर काय बोलायचं ते सुचत नाही आणि बाबांनाही. चहा संपला की काकू कप उपडा करून दाखवतात, मग बाबा परत फिरतात. या थंडीत ते दोनदा घसरता घसरता वाचले आहेत. पूल व्हायला मंजुरीनंतरही वर्ष लागेल असं मला एका इंजिनियरने सांगितलं. ते मी बाबांना सांगितलेलं नाही.

नवी विषयपत्रिका आली आहे. सभा येत्या गुरुवारी, पूल दोन नंबरवर. आणि बाबांनी एक काम सुरू केलंय. दिवसकार्याच्या वेळी मी पलीकडे गेले होते, तेव्हा त्यांनी माझ्यामार्फत काकूंकडून काकांची जुनी फोन डायरी मागवून घेतली. तिच्यात काकांच्या वेळचे सगळे नगरसेवक आहेत. बरेच गेलेत, जे आहेत ते ऐंशीच्या घरात. बाबा रोज सकाळी अंघोळ करून बसतात आणि एकेकाला फोन लावतात.

"नमस्कार. तब्येत कशी आहे आपली? नाही, काम काही नाही. सहज. औषधं वेळेवर घेता ना? बाथरूममध्ये जपून. या महिन्यात फार फिरू नका."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मग कळलं की ते गंमत करत नाहीयेत. गुरुवारपर्यंत या सगळ्यांनी जिवंत राहावं यापलीकडे त्या पुलासाठी आमच्या हातात काही उरलेलं नाही. शनिवारी त्यांनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावून बसले. एक गृहस्थ आता डोंबिवलीला मुलीकडे असतात, दहा दिवस खोकला आहे, मुलगी गावाला गेलीय, डॉक्टरकडे न्यायला कोणी नाही.

"तू रोज त्या बाजूला जातेस ना गं?" बाबा म्हणाले.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी डोंबिवलीला उतरले. पत्ता विचारत विचारत गेले, तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. दार उघडायला त्यांना खूप वेळ लागला. गळ्यात मफलर, हातात भिंतीचा आधार, एकेक शब्दाला खोकला. मी म्हटलं, चला, खाली रिक्षा थांबवलीय, छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

"बाळ, मी ओळखलं नाही. तू कोण?"

बाबांना ते फोनवरच्या आवाजापलीकडे ओळखत नव्हते, आणि काकांचं नाव सांगितलं असतं तर ते गेले हेही सांगावं लागलं असतं. मी त्यांच्या चपला पुढे सरकवल्या आणि म्हटलं, "मतदार."